पस्तीस कुठून आले?

सरकारी प्राथमिक शाळेत पर्मनंट असलेली बाई एम.ए. एज्युकेशनला ॲडमिशन घेते म्हटलं की लोकांचे दोनच प्रश्न असतात, प्रमोशन मिळणार काय आणि पगारात किती फरक पडणार. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, आमच्या गोव्यातल्या वाळपयच्या बसस्टँडवर अचानक भेटलेली डी.एड.ची जुनी मैत्रीण पण तेच विचारते. मला त्यांचा राग येत नाही. शिक्षकाचं पुढचं शिक्षण म्हणजे सर्व्हिस बुकात एक एन्ट्री, एवढंच सगळ्यांनी आजवर बघितलंय. पण मी जे अनुभवलं ते त्या एन्ट्रीत मावणारं नाही. सकाळी ज्या मुलांसमोर उभं राहायचं त्याच मुलांच्या डोक्यात काय चाललंय याबद्दल रात्री वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी परत त्यांच्याच समोर जायचं, याने माणसाचं काय होतं ते मला लिहायचं आहे.

आधी थोडं व्यवस्थेबद्दल, कारण नोकरीत असलेले बरेच जण विचारत असतात. एम.एड. आणि एम.ए. एज्युकेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम.एड. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, २०१४च्या नियमांनंतर एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं, आणि ते रेग्युलर, म्हणजे हजेरी लावून करायचं. ज्याला दोन वर्षं रजा मिळते त्याने जरूर करावं. एम.ए. एज्युकेशन कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएटला घरबसल्या करता येतं, मी ते इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून केलं. कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त चार, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, असाइनमेंटला तीस टक्के वेटेज आणि पेपरला सत्तर. माझ्याकडे बी.ए. मराठी होतं आणि वर डी.एड., तेवढं पुरलं. मी मुद्दाम चार वर्षांच्या हिशोबाने चालले, घाई केली नाही, आणि आज वाटतं की तोच निर्णय सगळ्यात बरोबर होता, कारण वाचलेलं वर्गात नेऊन बघायला वेळ मिळाला.

वेळ मिळाला म्हणजे काय, तो काढला. असाइनमेंट साधारण मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर द्यायच्या, आणि गोव्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको की मार्च म्हणजे शिगमो (आमची होळी), परीक्षा आणि काजू, आणि सप्टेंबर म्हणजे चवथ, गणपती. गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या माटोळीला काय काय बांधायचं याची घरात चर्चा चालू आणि मी एका कोपऱ्यात मुलांचा विचार कसा वाढतो ते सांगणाऱ्या पियाजेच्या अवस्था फुलस्केपवर उतरवतेय, कारण असाइनमेंट हातानेच लिहून द्यायच्या. जूनची परीक्षा आली की इकडे शाळा नुकतीच उघडलेली, पहिलीतली पोरं रडतायत, बाहेर पाऊस कोसळतोय आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात लाइट गेली की गेली. मी पहाटे उठून वाचायचे, घरात कोणी उठायच्या आत. सासूबाई कधी कधी न बोलता चहाचा कप शेजारी ठेवून जायच्या, आणि परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकघराकडे फिरकूच द्यायच्या नाहीत. घरातल्यांनी अशी साथ दिली नाही तर नोकरी करणाऱ्या बाईला हे जमणं कठीण आहे, हे मी स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे कोणी उगाच "जिद्द असली की सगळं होतं" असं म्हणायला नको.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या शाळेत चार इयत्ता आणि शिक्षक आम्ही दोघं, मी आणि सर. माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच वर्गात. मुलं घरी कोंकणी बोलतात, पुस्तकं मराठीत, आणि दोन-तीन घरं कर्नाटकातून आलेल्या कामगारांची, त्यांची मुलं आपसात कन्नडमध्ये बोलतात आणि आमच्याशी सगळ्याची मिसळ करून. तिसरीत एक मुलगा होता, वर्गात गप्प, गणिताच्या वहीत लाल खुणाच खुणा. एक दिवस मी त्याची वही घेऊन बसले. ५२ − २७, उत्तर लिहिलेलं ३५. त्याच्या खाली ८१ − ४६, उत्तर ४५. त्याच्या खाली ६३ − १८, उत्तर ५५. आधीच्या एखाद्या वर्षी मी तीन फुल्या मारून, हातच्याची वजाबाकी परत शिकवली पाहिजे असं मनात म्हणून पुढची वही घेतली असती, सगळेच शिक्षक तेच करतात, वह्यांचा ढीग समोर असतो. पण त्याच आठवड्यात मी वाचलेलं डोक्यात होतं की मुलाचं चुकीचं उत्तर बहुतेक वेळा कुठला तरी नियम पाळूनच आलेलं असतं. मग मी तीन उत्तरांकडे एकत्र बघितलं. बावन्नमध्ये सुटे दोन, सत्तावीसमध्ये सात, त्याने सातातून दोन काढून पाच लिहिलेत. एक्याऐंशीत एक आणि सहा, सहातून एक, पाच. त्रेसष्टमध्ये तीन आणि आठ, आठातून तीन, पाच. तिन्ही ठिकाणी अगदी तोच न्याय. पोरगा कुठेच अंदाजपंचे गेलेला नव्हता.

मी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, हे पस्तीस कुठून आले रे? तो आधी घाबरला, कारण टीचरने वही हातात घेऊन काही विचारलं म्हणजे चुकलं असणारच हे मुलांना ठाऊक असतं. मग हळूच म्हणाला, "दोनांतल्यान सात वचनात, मागीर सातांतल्यान दोन काडले." म्हणजे दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले. आणि हे तो काही मनाचं सांगत नव्हता. पहिली-दुसरीत सगळीकडे हेच शिकवलं जातं, मोठ्यातून लहान वजा करायचं. त्याने ते इमानदारीने पाळलं होतं.

तेवढ्यात मला त्याच्या घरचं आठवलं. त्यांची काजूची बाग आहे आणि एप्रिल-मेमध्ये हा आईबरोबर बिया घेऊन दुकानावर जातो हे मला माहीत होतं. मी वही मिटली आणि म्हटलं, बरं, तुझ्याकडे बावन्न रुपये आहेत, दुकानात सत्तावीसचं सामान घेतलंस, किती उरले? पापणी लवायच्या आत, "पंचवीस." मी विचारलं, कशें काडलें? "सत्तावीसाक तीन घातले, तीस जाले. मागीर वीस, पन्नास. मागीर दोन." तीन, वीस आणि दोन. पंचवीस. हातचा नाही, उसने घेणं नाही, कागद नाही. मग मी आणखी अवघड विचारलं, म्हटलं समज बियांचा भाव किलोला एकशे वीस, अडीच किलो घातल्या तर किती? त्याने वर कौलांकडे बघितलं आणि तीनशे म्हणाला. तिसरीतला मुलगा. आणि त्याच्या प्रगती पुस्तकात गणिताच्या समोर मी "अधिक सराव आवश्यक" असं लिहून ठेवलेलं.

या प्रकाराला नाव आहे हे मला अभ्यासामुळे कळलं. १९७८ साली ब्राउन आणि बर्टन या दोघा संशोधकांनी मुलांच्या वजाबाक्या तपासून त्यातल्या चुकांचे पॅटर्न मांडले, आणि त्यांनी शब्द वापरला तो कॉम्प्युटरवाल्यांचा, बग. प्रोग्राममध्ये जसा एक बग राहिला की प्रोग्राम दर वेळी त्याच ठिकाणी तसाच चुकतो, तशी मुलं चुकतात. लहान अंक वर असो की खाली, मोठ्यातून लहान काढायचा, हा त्यातला अगदी कॉमन बग. शून्याचे बग वेगळे, शून्यातून काही जात नाही म्हणून शून्यच लिहिणारी मुलं असतात, शेजारच्या दशकातून उसना घेतला पण दशक कमीच न करणारी असतात. हे सगळं वाचल्यावर मी वर्गातल्या जुन्या वह्या परत काढल्या आणि दुपारची शाळा सुटल्यावर बसून प्रत्येक मुलाच्या चुकांची एक-एक ओळ लिहित गेले. किती वेळ गेला कळलंच नाही. जी मुलं मला "गणितात कच्ची" अशी एकसारखी दिसायची ती सगळी वेगवेगळ्या कारणांनी चुकत होती, आणि आम्ही त्या सगळ्यांना एकच औषध देत होतो, आणखी दहा गणितं.

मग मला ब्राझीलचा अभ्यास सापडला आणि तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथे तेरेझिन्या कराहेर, डेव्हिड कराहेर आणि अनालुसिया श्लीमन या तिघांनी बाजारात वस्तू विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि तो १९८५ साली छापून आला. मुलं फक्त पाच, वय नऊ ते पंधरा. संशोधक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले, एवढे नारळ कितीला, एवढे पैसे दिले तर परत किती देशील असं विचारत राहिले. तिथे मुलांची अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तेच हिशोब कागदावर दिले. शाब्दिक उदाहरण करून दिलं तेव्हा साधारण चौऱ्याहत्तर टक्के बरोबर, आणि नुसती आकडेमोड दिली तेव्हा सदतीस टक्क्यांच्या आसपास. मुलं तीच, आकडे तेच. एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं होतं, एक नारळ पस्तीसला, दहा नारळ कितीला? तो म्हणाला तीनचे एकशे पाच, आणखी तीन घेतले की दोनशे दहा, मग अजून चार हवेत, तीनशे पंधरा, आणि मग तीनशे पन्नास. दहाने गुणताना शून्य लावायचा हे शाळेने शिकवलेलं त्याने वापरलंच नाही, आपल्या धंद्यातल्या तीन-तीनच्या हिशोबाने गेला आणि बरोबर पोचला.

आता बघा, नारळ आमचे, आणि काजू तर ब्राझीलचाच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथून इकडे आणला आणि आज सत्तरीतल्या कित्येक घरांचं वर्षाचं गणित त्याच्यावर चालतं. त्या ब्राझीलमधल्या मुलाचा हिशोब आणि माझ्या तिसरीतल्या मुलाचा हिशोब सख्ख्या भावंडांसारखा दिसत होता. इतक्या लांबची दोन मुलं, एकमेकांची भाषा माहीत नाही, आणि दोघंही संख्येला अशीच तोडतात आणि जोडतात. मला वाटलं, हे शाळेने शिकवलेलं नाही म्हणून आपण त्याला ज्ञान मानत नाही, पण शाळेत शिकवलेलं जे मुलाला वापरता येत नाही त्याला मात्र आपण पोर्शन म्हणतो आणि पूर्ण झाला म्हणून सही करतो.

रेसिफेचा आणखी एक माणूस आमच्या अभ्यासक्रमात होता, पावलो फ्रेरी, जन्म १९२१चा. त्याचं म्हणणं असं की आपलं शिक्षण बँकेसारखं चालतं, शिक्षक माहिती जमा करतो, मुलं ती साठवून ठेवतात आणि परीक्षेला काढून देतात, आणि यात मुलाने जगात जे बघितलंय त्याला काही किंमत राहत नाही. त्याने हे लिहिलं पोर्तुगीजमध्ये. माझे सासरे पोर्तुगीज काळात डिचोलीला सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत शिकलेले, त्यांना मी एका संध्याकाळी हे समजावून सांगत होते, खरं तर स्वतःलाच समजावं म्हणून. ते शांतपणे ऐकत होते आणि मग म्हणाले, आमाला पोर्तुगालच्या नद्या पाठ होत्या. आणि त्यांनी म्हणून दाखवल्या, मिन्यु, दोरु, तेजु, एवढ्या वर्षांनी, न अडखळता. चुकलं की हातावर पालमातोर, लाकडी पट्टी ती, तिची आठवण अजून तळहाताला आहे म्हणाले. मी विचारलं, आणि आपली म्हादय नदी? ती पुस्तकात नव्हती, म्हणाले, ती आम्हाला शाळेत जाताना लागायची. मी ते उत्तर तसंच्या तसं वहीत लिहून ठेवलं. फ्रेरीचं पन्नास पानं वाचून जे नीट बसलं नव्हतं ते तिथे बसलं.

वाचनाचा प्रश्न मात्र मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आमच्यासारखे मराठीतून शिकलेले आणि मराठीतून शिकवणारे शिक्षक एम.ए. एज्युकेशनला बसतात तेव्हा मटेरियल इंग्रजीत किंवा हिंदीत असतं आणि रिसर्च पेपर तर सगळेच इंग्रजीत. एका पानाला मला सुरुवातीला अख्खी सकाळ लागायची. मी एक पद्धत काढली, इंग्रजी परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तेच मराठीत असं लिहायचं जसं मी सरांना डबा खाताना सांगेन. सांगता आलं तर कळलं, नाहीतर परत वाचायचं. शनिवारी दुपारी जमेल तेव्हा कदंबाच्या सरकारी बसने पणजीला जायचे, स्टँडवरून चालत पाटोला सेंट्रल लायब्ररीत. कृष्णदास शामा यांच्या नावाची ही लायब्ररी १८३२ सालची आहे, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि आताची इमारत इतकी छान, उजेडाची आणि शांत आहे की तिथे बसलं की आपण कोणीतरी अभ्यासू माणूस आहोत असं वाटायला लागतं. गोव्यातल्या शिक्षकांनी तिथे जायला पाहिजे. मराठी विभागात शिक्षणावरचं जे काही आहे ते मी तिथेच बसून वाचलं.

तिथेच मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ नव्याने भेटल्या. डी.एड.ला त्या दोन मार्कांचा प्रश्न म्हणून केलेल्या होत्या, कोसबाड, बालवाडी, जोड्या लावा. आता वाचलं तेव्हा कळलं की त्यांनी काय केलं होतं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, कुरणशाळा. मुलांच्या आयुष्यातलं काम हा शाळेचा अडथळा आहे असं न मानता तिथूनच सुरुवात करायची. मार्च आला की आमच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढते कारण सकाळी बिया गोळा करायच्या असतात, आणि आम्ही पालकांना बोलावून समज देतो. त्या वर्षी मी बिया वर्गात आणल्या. दहा-दहा बियांच्या पिशव्या आणि सुट्या बिया. बावन्नातून सत्तावीस द्यायचे तर सुट्या दोनच आहेत, मग एक पिशवी सोडावी लागते, मुलांनी स्वतः सोडली, आणि दशक सुटा करणं म्हणजे काय हे मला फळ्यावर लिहावंच लागलं नाही. आणि अनुताई, बालवयात विधवा झालेल्या, नोकरी करत करत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि १९६१मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. कोसबाडचं एवढं काम अंगावर असताना. मला कोणी "या वयात कशाला" म्हटलं की मी अनुताईंचं नाव सांगते.

कामाचं म्हणाल तर शिक्षकाच्या अंगावर शिकवण्याखेरीज काय काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात लिहिलंय की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. पण निवडणुकीची यादीच वर्षभर चालते, शिवाय माध्यान्ह आहाराची नोंद, स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनी भाजीपाव आणला की मुलं मोजून सही, ऑनलाइन माहिती आज दुपारपर्यंत पाठवा असा मेसेज, आणि ती माहिती गेल्या महिन्यातच पाठवलेली असते. मला यातल्या कोणाशी भांडायचं नाही, पण एक मागणी मी मनापासून करते. नोकरीत असताना शिकणाऱ्या शिक्षकाला आठवड्यातला एक तास तरी अधिकृत द्या, आणि तो तास त्याच्या स्वतःच्या वर्गाच्या अभ्यासासाठी द्या. ट्रेनिंगला बोलावून पीपीटी दाखवण्यापेक्षा त्या एका तासाने शाळेचं जास्त भलं होईल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

डिझर्टेशनचा, म्हणजे लघुप्रबंधाचा विषय मी मग हाच घेतला, माझ्याच वर्गातली मुलं वजाबाकी कशी करतात, तोंडी आणि लेखी. एका चर्चेत मला एकाने विचारलं की एवढ्याशा मुलांवरून काय सिद्ध होणार, सॅम्पल कुठे आहे, निदान शंभर तरी हवीत. मी रेसिफेच्या पाच मुलांचं सांगितलं. पाच मुलांकडे नीट बघितलं म्हणून जगभर गणित शिकवणाऱ्यांना विचार करावा लागला. मोठे सर्व्हे हवेतच, ते त्यांचं काम करतात, किती मुलांना वजाबाकी येत नाही हे ते सांगतात. पण ३५ कुठून आले हे सर्व्हे सांगत नाही, ते त्या मुलाशेजारी बाकावर बसलेल्या माणसालाच कळतं, आणि तो माणूस म्हणजे आपण, प्राथमिक शिक्षक. आमच्याकडे पट कमी झालाय, २०११मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरल्यानंतर गावागावातलं चित्र बदललं, ते दुःख आहेच, आणि मराठी शाळेत शिकवणाऱ्याला ते रोज पटावर दिसतं. पण वर्गात मुलं थोडी आहेत तर प्रत्येकाला "कसं काढलंस" हे विचारायला तरी आपल्याला वेळ आहे. मी प्रत्येक मुलाला विचारलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं, पालकांची परवानगी घेऊन, आणि रात्री ऐकून ऐकून लिहिलं. कर्नाटकातल्या घरातली एक मुलगी, जी मराठीत एक वाक्य पूर्ण बोलायची नाही, ती कन्नडमध्ये मोजते आणि उत्तर मराठीत सांगते, हे मला त्या रेकॉर्डिंगमध्ये तिची पुटपुट ऐकून कळलं. तिला मी हळू शिकणारी समजत होते. ती दोन भाषांत काम करत होती, तिला थोडा वेळ लागणारच. तेव्हापासून मी प्रश्न विचारला की लगेच दुसऱ्याकडे वळत नाही, थांबते, आणि नुसत्या थांबण्याने वर्गातले किती हात वर येतात ते बघून माझा मलाच आनंद होतो.

सरांचं आणि माझं मात्र एका गोष्टीवर अजून जमत नाही. सर म्हणतात, तुमचं सगळं मान्य, पण चौथीनंतर ही मुलं हायस्कूलला जाणार, पाचवीपासून सगळं इंग्रजीत, आणि तिथे याला पेपरात उभी मांडणी करून हातचा दाखवूनच मार्क मिळणार, तीन घातले तीस आणि वीस घातले पन्नास हे तिथे कोण ऐकून घेणार? त्यांचं चुकीचं नाही. नव्या शिक्षण धोरणात पाचवीपर्यंत तरी घरची भाषा शिकण्याचं माध्यम असावं असं म्हटलंय, पण आमच्या मुलांची भाषा पाचवीच्या दारातच बदलते, आणि अशा वेळी त्यांच्या हातात शाळेची पद्धत पक्की असायला हवी हे मला पटतं. मला एवढंच नको आहे की ती पद्धत येताना त्याची स्वतःची पद्धत लाजून मागे जाईल. तो मुलगा आता चौथीत आहे. उभ्या वजाबाक्या बरोबर करतो, दशक सोडतो, आणि करून झालं की ओठ हलवत वर मोजत जाऊन उत्तर तपासतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. सरांनी पण ते बघितलं. परवा भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीहून येताना बसमध्ये आमचं यावरच चाललं होतं, आणि शेवटी असं ठरलं की जूनपासून त्यांच्या दुसरीच्या आणि माझ्या तिसरी-चौथीच्या मुलांनी गणिताच्या वहीचं पान मधून दुमडायचं, डावीकडे आपल्या मनाने, उजवीकडे पुस्तकाप्रमाणे, आणि दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर फुली मारायच्या आधी आम्ही विचारायचं. सर म्हणाले एक टर्म करून बघू. मी त्यांना सांगितलं, इंग्रजी आकड्यांची नावं पण उजव्या बाजूला लिहून घेऊ, पाचवीची तयारी होईल. त्यावर ते म्हणाले ते मी घेतो, माझं इंग्रजी तुमच्यापेक्षा बरं आहे.